‘पोरं मिळत नाहीत’ म्हणणाऱ्या सीए फर्मसाठी: आधी मेलला उत्तर द्या

एरवी आपण इथे कोडिंग, इंटरव्ह्यू, नोकऱ्या यांवर बोलतो. आज मी माझा प्रांत सोडून जरा शेजारी डोकावणार आहे. विषय आहे सीए फर्म आणि कॉलेजातली मुलं. फर्मना मुलं मिळत नाहीत, मुलांना चांगली फर्म मिळत नाही, आणि दोघं एकाच शहरात राहतात. हे कसं काय?

तुमच्यातले बरेच जण बी.कॉम. करताहेत, काही जण सीए करताहेत. हा भाग तुमच्यासाठी आहेच, पण तुमच्या सरांसाठी जास्त आहे. ऐकून झाला की त्यांना पाठवा. नाव माझं सांगा.

सुरुवात मामांच्या ऑफिसातून

माझे मामा सांगलीत सीए आहेत. छोटी फर्म. ते, त्यांचे एक पार्टनर, दोन जुने अकाउंटंट आणि आर्टिकल मुलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सीए होताना प्रत्यक्ष ऑफिसात काम शिकावं लागतं, त्याला आर्टिकलशिप म्हणतात आणि त्या मुलांना ऑफिसात सरळ ‘आर्टिकल’च म्हणतात. छोट्या फर्मचा अर्धा गाडा हीच मुलं ओढतात.

दिवाळीला गेलो तर मामा वैतागलेले. सहा आर्टिकलची जागा, होती फक्त तीन. म्हणाले, “अरे, पोरांना आता काम नकोय. सगळ्यांना पुणं पाहिजे, नाहीतर मुंबई. दोन पतसंस्थांचं ऑडिट सोडायची वेळ आलीये.”

मी आपला इंजिनिअर माणूस. म्हटलं, “मामा, अर्ज किती आले होते?” म्हणाले, “येतायत कुठे?” मग आम्ही ऑफिसचा मेल उघडला. जुलैपासूनचे 27 मेल. “रिस्पेक्टेड सर, आय हॅव क्लिअर्ड बोथ ग्रुप्स…” असे. त्यातल्या फक्त 4 जणांना उत्तर गेलं होतं. बाकीचे न उघडताच खाली खाली सरकत गेलेले.

मामा काही बोलले नाहीत. चहा मागवला. मग हळूच म्हणाले, “जुलैत रिटर्नं होती रे.”

या एका वाक्यात अख्खा प्रॉब्लेम आहे. तोच आज उलगडून सांगतो.

आधी गणित समजून घ्या

बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटरमीजिएट, मग आर्टिकलशिप, शेवटी फायनल, असा सीएचा रस्ता. 1 जुलै 2023 पासून आयसीएआयची नवी पद्धत लागू झाली. तिच्यात फर्मच्या दृष्टीनं दोन मोठे बदल झाले.

पहिला: आर्टिकलशिप 3 वर्षांची होती, ती 2 वर्षांची झाली. आता सहा मुलांची फर्म घ्या. आधी दरवर्षी सरासरी 2 मुलं बाहेर पडायची आणि 2 नवी लागायची. आता दरवर्षी 3 लागतात. म्हणजे काम तेवढंच राहिलं तरी भरती दीडपट करावी लागते. त्यात मुलाला तयार व्हायला पहिले 6 महिने जातात असं धरलं, तर आधी त्याच्याकडून 30 महिने नीट काम मिळायचं, आता 18.

दुसरा: आधी इंटरचा एक ग्रुप सुटला तरी आर्टिकलशिप सुरू करता यायची. आता दोन्ही ग्रुप सुटावे लागतात. म्हणजे मुलं जास्त लागतात आणि ज्यांच्यातून निवडायची तो घोळका लहान झालाय.

म्हणून ‘आजकालची पोरं’ वगैरे म्हणण्याआधी हे बघा. पोरं बदलली असतील, नसतील. आकडे मात्र नक्की बदललेत. दहा वर्षांपूर्वी ओळखीतून एखादा मुलगा यायचा आणि भागायचं. आता भरती हे वर्षभर चालणारं काम झालंय, आणि बऱ्याच फर्ममध्ये ते कुणाचंच काम नाही.

निकाल आणि मोसम एकत्र येतात

इंटरची परीक्षा आता वर्षातून 3 वेळा होते: जानेवारी, मे आणि सप्टेंबर. निकाल साधारण दोन महिन्यांनी, म्हणजे मार्च, जुलै आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला. निकाल लागला की मुलं त्याच आठवड्यात मेल टाकायला लागतात. मोठ्या फर्म त्याच आठवड्यात मुलाखती घेतात.

आता सीए ऑफिसचं कॅलेंडर आठवा. मार्चमध्ये वर्षअखेर. जुलैत इन्कम टॅक्स रिटर्नची झुंबड. म्हणजे तीनपैकी दोन निकाल अशा वेळी लागतात, जेव्हा ऑफिसात कुणाला मान वर करायला फुरसत नसते. सरांना मुलं आठवतात ती मोसम संपल्यावर. तोवर चांगली मुलं दुसरीकडे सही करून बसलेली असतात. आणि एकदा नोंदणी झाली की मधेच फर्म बदलणं सोपं नसतं.

यावर उपाय काय? निकालाच्या तारखा आधीच कॅलेंडरवर टाका, जशा जीएसटीच्या टाकता. निकालानंतरचे 10 दिवस मुलाखतींसाठी रोज एक तास राखून ठेवा. सरांना जमत नसेल तर पार्टनरनं घ्या. आणि मुळात निकालाची वाट का बघायची? परीक्षा दिलेल्या मुलांशी आधीच बोलून ठेवता येतं. ‘पास झालास तर ये, जागा धरून ठेवतो’ एवढं वाक्य पुरतं.

माझ्या इंजिनिअरिंग कॉलेजात कंपन्या शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच यायच्या. हॉलमध्ये बसवून काम काय, पगार किती, बाँड आहे की नाही, सगळं सांगायच्या. नंतर जॉइनिंग लांबवून आम्हाला टांगूनही ठेवायच्या, ते सोडा. पण मुलगा मोकळा होण्याआधी त्याच्यापर्यंत पोचायचं, हे त्यांना पक्कं कळलं होतं.

दोन दिवसांत उत्तर

मामांच्या ऑफिसात मी पहिलं काम केलं ते अगदी साधं. एक गुगल फॉर्म. नाव, फोन, इंटर कधी सुटली, राहायला कुठे, कधीपासून येऊ शकता, आणि काही विचारायचंय का. एवढंच. फॉर्म भरला की माहिती आपोआप शीटमध्ये जाते. शीटमध्ये एक रकाना स्थितीचा: आला, फोन केला, भेटला, कळवलं. नियम एकच. कुणीही दोन कामाच्या दिवसांपेक्षा जास्त ‘आला’वर राहायचं नाही.

हे काम कुणी करायचं? सरांनी नाही. दुसऱ्या वर्षातल्या आर्टिकलनं. त्यालाच नव्या मुलाची भाषा कळते, आणि नवा मुलगाही त्याच्याशी मोकळेपणानं बोलतो.

आणि ‘नाही’ असेल तर तेही कळवायचं. आम्हा आयटीवाल्यांना कंपन्या उत्तर न देता गायब झाल्या की कसं वाटतं ते मला माहीत आहे. आज नाकारलेला मुलगा उद्या दुसऱ्याला सांगतो, ‘तिथे निदान नीट बोलतात.’ ही फुकटची प्रसिद्धी आहे.

मुलांना नेमकं काय विचारायचं असतं

त्या 27 जणांपैकी काहींना मी स्वतः फोन केले. बहुतेक जण आधीच कुठेतरी लागले होते. मी विचारलं, फर्म निवडताना काय बघितलं? मला वाटलं होतं, सगळे स्टायपेंड म्हणतील. पहिलं उत्तर बऱ्याच जणांचं होतं: “काम काय मिळेल ते कळलं.”

आता मामांच्या फर्मचं दुखणं बघा. तिथलं काम खरं तर भारी आहे. सांगली म्हणजे हळदीची पेठ. तासगावच्या बाजूला बेदाणा. साखर कारखाने, सहकारी बँका, पतसंस्था, मिरजेची हॉस्पिटलं. एकाच मुलाला दोन वर्षांत व्यापाऱ्याचं जीएसटी, हॉस्पिटलचं टॅक्स ऑडिट, बँकेच्या शाखेचं ऑडिट असं सगळं हाताळायला मिळतं. मोठ्या फर्ममध्ये मोठी नावं बघायला मिळतात, शिस्त शिकायला मिळते, हे खरं. पण काही मुलं महिनोन्‌महिने एकाच कंपनीच्या एकाच प्रकारच्या नोंदी तपासत बसतात, हेही खरं. मग सांगलीच्या फर्मनं हे कुठे सांगितलं होतं? कुठेच नाही. बाहेर नुसती पाटी.

मामा म्हणाले, “आम्हाला जाहिरात करायला बंदी आहे.” अर्धं बरोबर. सीएंनी जाहिरात करून ग्राहक ओढण्यावर आयसीएआयची कडक बंधनं आहेत. पण ऑफिसात माणसं हवीत हे सांगायला मनाई नाही. भरतीच्या नावाखाली फर्मचा गाजावाजा नको, आचारसंहिता एकदा वाचून घ्या, एवढंच. शिवाय आयसीएआयचं स्वतःचं आर्टिकलशिपचं पोर्टल आहे. तिथे जागा टाकता येते.

मग आम्ही एक पान लिहिलं. मोठे शब्द नाहीत, ‘डायनॅमिक एन्व्हायर्न्मेंट’ नाही. पाच प्रश्न, पाच उत्तरं:

1. काम काय? पहिले चार महिने जीएसटी. पोर्टलवरचं टू-बी पत्रक आणि व्यापाऱ्याचं खरेदी रजिस्टर जुळवायचं. मग टॅक्स ऑडिट. एप्रिलमध्ये बँकेच्या शाखेचं ऑडिट. दुसऱ्या वर्षी कंपनीचं ऑडिट, नोटिशींची उत्तरं.

2. शिकवणार कोण? पहिले तीन महिने एक सीनियर आर्टिकल सोबत. दर शनिवारी एक तास सर स्वतः बसणार, आठवड्यात अडलेलं विचारायचं.

3. वेळ किती? आयसीएआयनं आर्टिकलसाठी आठवड्याचे 35 तास सांगितलेत. मोसमात उशीर होतो, हे लपवायचं नाही. कोणत्या महिन्यांत होतो आणि त्याबदल्यात नंतर काय मोकळीक मिळते, तेही लिहायचं.

4. परीक्षेचं काय? याबद्दल पुढे सविस्तर.

5. पैसे किती आणि कधी? आकडा आणि तारीख. बाहेरगावच्या ऑडिटला गाडीभाडं आणि जेवणाचे पैसे वेगळे.

पाचव्याबद्दल दोन शब्द. नियमातला किमान स्टायपेंड इतका कमी आहे की मोठ्या शहरात त्यात खोलीचं भाडंही निघत नाही. परवडत असेल तर त्याच्या वर जा. पण आकडा लहान असला तरी तो ठरलेल्या तारखेला मिळाला पाहिजे. एक मुलगा मला म्हणाला, “दर महिन्याला केबिनमध्ये जाऊन आठवण करून द्यायची लाज वाटते.” आपल्या स्वतःच्या पैशांची लाज वाटावी, याहून वाईट काय?

परीक्षेची रजा

हे माझ्या घरातलं आहे. माझ्या मावसबहिणीची आर्टिकलशिप एका फर्ममध्ये चालू होती. नाव घेणार नाही, शहरही सांगणार नाही. ती सोबत बी.कॉम. करत होती. टी.वाय.चे पेपर आले. जॉइन होताना ‘हो हो, परीक्षेला देऊ की रजा’ असं तोंडी सांगितलेलं. प्रत्यक्षात पेपरच्या आदल्या रात्री साडेनऊपर्यंत ऑफिसात. पेपर देऊन दुपारी परत ऑफिस. एका विषयात राहिली. हुशार मुलगी, आयुष्यात पहिल्यांदा नापास. त्या दिवशी ती घरी कुणाशी बोलली नाही.

आता गंमत बघा. म्हणजे गंमत नाही. ती ज्या क्लासला होती, तिथल्या सगळ्या बॅचला हे कळलं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज. माझ्या माहितीत त्या बॅचमधून त्या फर्ममध्ये पुन्हा कुणी गेलं नाही. त्या सरांना अजूनही वाटत असेल, पोरांना काम नकोय.

काही फर्मना वाटतं की आता परीक्षेचा प्रश्न मिटला. कारण नव्या पद्धतीत आर्टिकलशिप संपून 6 महिने झाल्यावरच फायनल देता येते. पण बी.कॉम.चे पेपर असतातच. आयसीएआयची चार ऑनलाइन मॉड्यूल फायनलच्या आधी पूर्ण करायची असतात. आणि फायनलचा अभ्यास काही त्या सहा महिन्यांत शून्यापासून होत नाही. म्हणून तोंडी आश्वासन नको. ‘विद्यापीठाच्या प्रत्येक पेपरचा दिवस आणि त्याआधीचे इतके दिवस रजा’ असं लिहून द्या. आकडा तुम्ही ठरवा, पण पाळा. आणि ऑफिसच्या मोसमाशी तारखा भांडणार असतील तर ते दोन महिने आधी शीटवर दिसायला हवं, दोन दिवस आधी नाही.

मुलांची पण चूक असते, हे मान्य. काही जण ‘डमी’ मागतात. म्हणजे कागदावर आर्टिकलशिप, प्रत्यक्षात घरी अभ्यास. हे नियमाविरुद्ध आहे, मुलगा आणि सीए दोघांवरही कारवाई होऊ शकते. पण जिथे खरंच शिकवतात आणि पेपरला सोडतात, तिथे डमीचा मोह कमी होतो, असं मला वाटतं.

कॉलेजात जाऊन भाषण नको

फर्मचे सर कॉलेजात जातात ते ‘सीए कसे व्हावे’ यावर बोलायला. शाल, श्रीफळ, चाळीस मिनिटं जिद्द आणि चिकाटी. मुलं टाळ्या वाजवतात आणि विसरतात.

त्याऐवजी दुसऱ्या वर्षातल्या आर्टिकलला सोबत न्या, लॅपटॉप उघडा आणि एक खरं काम दाखवा, ग्राहकाचं नाव काढून. व्यापाऱ्यानं खरेदी दाखवलीये, पण पुरवठादारानं ती दाखवलीच नाही. आता क्रेडिट मिळणार का? मुलांना विचारा. किंवा दुसरं: 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं सक्तीचं झालंय. कुणी, कधी, कोणती नोंद बदलली ते दिसतं. आमच्याकडे गिटमध्ये दिसतं तसंच. हे ऐकून मी स्वतः खुर्चीत सरसावून बसलो होतो. अकाउंट्स म्हणजे नुसती बेरीज-वजाबाकी, हा गैरसमज असा पाच मिनिटांत जातो.

आणखी एक दार सध्या उघडं आहे. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत नव्या शैक्षणिक धोरणानुसार ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ला क्रेडिट मिळतात. 4 क्रेडिट म्हणजे साधारण 120 तास. कॉलेजं अशा जागा शोधतच असतात. प्राचार्यांना भेटा, चार मुलं घ्या. 120 तासांत मुलाला ऑफिस कळतं आणि ऑफिसला मुलगा. याहून चांगली मुलाखत नाही.

इथे एक महत्त्वाची गोष्ट. ही सगळी मुलं सीए करणारी नसतील, आणि तेच बरं आहे. आर्टिकल दोन वर्षांनी जाणारच. फर्मला टिकून राहणारी माणसंही लागतात. इंटरला तीन-चार वेळा अडकून सीए सोडलेली मुलं आपल्या आजूबाजूला किती आहेत! त्यांना कायदा येतो, टॅली येतं, कष्टाची सवय असते. फक्त स्वतःला हरलेलं समजतात. त्यांना ‘सीए सोडलेला’ म्हणून नाही, तर नीट पद आणि नीट पगार देऊन घ्या. नाहीतर परदेशी फर्मची टॅक्सची कामं करणाऱ्या पुण्या-हैदराबादच्या कंपन्या त्यांना घेतातच.

मुलाखत

‘वडील काय करतात’ आणि ‘लग्नाचं काही ठरलंय का’ हे प्रश्न काढून टाका. दुसरा प्रश्न फक्त मुलींनाच विचारला जातो, आणि त्या तो कधी विसरत नाहीत. त्याऐवजी 25 बिलांची एक एक्सेल फाइल द्या, तीन चुका लपवून. अर्धा तास. तिन्ही सापडल्या नाहीत तरी चालेल. मुलगा अडल्यावर विचारतो का, ते बघा. आणि निर्णय त्याच आठवड्यात कळवा.

मग मामांचं काय झालं?

जादू झाली नाही. नोव्हेंबरचा निकाल लागला तेव्हा पान तयार होतं, शीट तयार होती. फॉर्म अकरा आले. सगळ्यांना उत्तर गेलं. दोघं जॉइन झाले. तिसऱ्या मुलीला मामांनी हो म्हटलं होतं, पण ती पुण्याला गेली, मोठ्या फर्ममध्ये. तिनं फोन करून सांगितलं, सॉरी म्हणाली, आणि तिच्या मैत्रिणीचा नंबर देऊन गेली. आलेल्यांपैकी एक जण रोज तासगावहून एसटीनं येतो. एका पतसंस्थेचं ऑडिट मात्र सोडावं लागलं. दुसरं वाचलं.

परवा मामांचा फोन आला. म्हणाले, “त्या तासगावच्या पोराचे पेपर आहेत, शीटवर दिसले. रजा दिलीये.” मग जरा थांबून म्हणाले, “तुझ्या त्या शीटला लाल रंग कसा द्यायचा?”

तर मंडळी, तुम्ही विद्यार्थी असाल तर ते पाच प्रश्न स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि मुलाखतीला बिनधास्त विचारा: काम काय, शिकवणार कोण, वेळ किती, परीक्षेची रजा लिहून देणार का, पैसे किती आणि कधी. या प्रश्नांवर जे सर चिडतील, त्यांच्याकडे दोन वर्षं काढायची का, ते तुम्हीच ठरवा. आणि तुम्ही सर असाल, तर हा भाग थांबवा आणि आधी ऑफिसचा मेल उघडा. कुणीतरी वाट बघत असेल.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!